घरात फिश टँक आहे आणि पेस्ट कंट्रोल करायचंय? रत्नागिरीतला आमचा अनुभव

गणपतीच्या आधी घर आवरायला काढलं की आमच्याकडे झुरळांचा विषय निघतोच. यंदा तर ट्रॉली ओढली की तीन-चार सटासट पळायची, आणि त्यात माजघराच्या दाराच्या चौकटीवर वाळवीची मातीची रेघ दिसली, बोट दाबलं तर आतलं लाकूड पापडासारखं मोडलं. म्हणजे पेस्ट कंट्रोल करणं भागच होतं. तरी मी दोन वर्षं ते टाळत आले होते कारण हॉलमधे आमचा तीन फुटी फिश टँक आहे, साधारण दीडशे लिटरचा, आणि मागच्या वेळी जे झालं ते परत बघायची माझी तयारी नव्हती.

आधीच सांगते, यंदा रत्नागिरीतल्याच एका छोट्या लोकल पेस्ट कंट्रोलवाल्यांना बोलावलं, काम चांगलं झालं, एकही मासा गेला नाही. पाचातले चार देईन. एक का कापला ते पुढे येईलच.

मागच्या वेळी म्हणजे दोन वर्षांपूर्वी दुसऱ्याच एका कंपनीला बोलावलं होतं, नाव लिहीत नाही. फोनवर मी स्वतः विचारलं होतं की घरात मासे आहेत तर काय करायचं, तर पलीकडच्या बाई म्हणाल्या हर्बल आहे मॅडम, वास पण येत नाही, टाकीवर पेपर टाका झालं. आम्ही पेपर टाकला, वरून जुनी चादर घातली आणि सगळे कुवारबावला मावशीकडे गेलो. एअर पंप मात्र चालू ठेवला कारण बंद केला तर मासे गुदमरतील असं वाटलं. संध्याकाळी येऊन चादर काढली तर लाल चेरी झिंगे सगळे आडवे. निऑन टेट्रा गोल गोल भोवरा फिरल्यासारखे फिरत होते, मधेच काचेवर धडकायचे, पोट वर करून तरंगायचे आणि परत झटका आल्यासारखे उसळायचे. एंजल वर तोंड काढून कल्ले फाकवून नुसते थांबलेले. आई चहाच्या गाळणीने एकेक बाहेर काढत होती. बाबा काही बोलले नाहीत, विहिरीचं पाणी बादलीत ओढलं आणि जो जो हलतोय तो त्यात सोडत राहिले. सकाळी त्या बादलीत एक सकर जिवंत होता. बाकी कोणी नाही.

आम्हाला बरेच जण म्हणाले की मिरकरवाड्यावरून मासे आणून खाता आणि हे चार मासे मेले म्हणून काय एवढं. मला हे पटत नाही. समुद्रातला मासा समुद्राच्या हवाली असतो, पण जो जीव आपण विकत आणून काचेत ठेवला त्याला आपल्याशिवाय कोण आहे, त्याला पळून जायला जागा तरी कुठे आहे.

नंतर शेजारची मुलगी, जी शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकते, तिने सगळं नीट समजावून सांगितलं आणि मग डोक्यात प्रकाश पडला. घरात झुरळांवर जी फवारणी होते त्यात बहुतेक वेळा सायपरमेथ्रिन नाहीतर डेल्टामेथ्रिन, म्हणजे शेवटी थ्रिन येणाऱ्या औषधांपैकी काहीतरी असतं. ही औषधं किड्याच्या नसांवर काम करतात, नस एकदा चालू झाली की बंदच होत नाही, म्हणून ते झटके. माणसाचं शरीर ते औषध बऱ्यापैकी लवकर फोडून बाहेर टाकतं, माशाला ते जमत नाही, शिवाय कल्ल्यातून ते सरळ रक्तात जातं. झिंगे तर किड्यांच्याच भाऊबंदांतले, त्यांना त्याहून कमी पुरतं. आणि ते हर्बल हर्बल जे सांगतात ना, तर या औषधांचं मूळ पायरेथ्रम, ते खरोखरच शेवंतीच्या कुळातल्या फुलांपासून काढतात, पण ते फुलातलं असलं तरी माशांना मारतंच. वास नाही म्हणजे विष नाही असंही नाही.

औषधाच्या डब्यावरच्या रंगीत त्रिकोणाचं पण तिच्याकडूनच कळलं. लाल, पिवळा, निळा, हिरवा असे रंग असतात, लाल सगळ्यात जहाल. पण ती वर्गवारी औषध पोटात गेलं किंवा अंगाला लागलं तर किती घातक यावर असते, ती माणसाच्या जिवाचा विचार करून केलेली. माशांचं त्यात काही कळत नाही. त्यामुळे कोणी निळा नाहीतर हिरवा त्रिकोण दाखवून टाकीला काही होत नाही म्हणालं तर ऐकू नका, डबा हातात घेऊन बारीक अक्षरात मासे आणि पाण्याबद्दल काय लिहिलंय ते वाचा.

पण आमची सगळ्यात मोठी चूक पंपाची. एअर पंप हवा आणतो कुठून? खोलीतूनच. टाकीशेजारच्या शेल्फवर बसून तो फवारलेली हवा ओढत होता आणि नळीच्या टोकाला लावलेल्या सच्छिद्र दगडातून बारीक बुडबुडे करून पाण्यात कालवत होता, आठ तास सलग. वरून कितीही चादरी घातल्या असत्या तरी काय फरक पडणार होता. पेस्ट कंट्रोलच्या आधी सगळे सांगतात टाकी झाका, पंपाचं कोणी सांगत नाही, म्हणून हे एवढं लांबण लावून लिहितेय.

तर यंदाचं. बुकिंगला फोन केला तर मासे, मांजर, लहान मूल, विहीर, काही म्हणजे काही विचारलं नाही, फक्त किती खोल्या आणि कुठे राहता. मी टाकीचं सांगितलं तर परत तेच, झाकून ठेवा काही होत नाही. एक स्टार इथे गेला. ज्या धंद्यात रोज विष हाताळायचंय तिथे फोन उचलणाऱ्याने पहिला प्रश्न घरात कोण कोण जीव आहेत हाच विचारला पाहिजे असं माझं ठाम मत आहे. मी म्हटलं जो माणूस येणार आहे त्याच्याशीच बोलायचंय मला, आणि इथून पुढे मात्र सगळं चांगलंच घडलं.

रात्री नऊला त्या मुलाचा फोन आला. संगमेश्वरकडचा, आवाजावरून लहान वाटला. पहिलंच वाक्य, "ताई, टाकी कुठल्या खोलीत हाय, आणि हवेचा पंप कुठं ठेवलाय?" मला तिथेच बरं वाटलं. झिंगे आहेत का तेही विचारलं. दुसऱ्या दिवशी पैसे न घेता बघायला आला, चपला बाहेर काढून, टॉर्च घेऊन. पंधरा मिनिटं नुसता ओट्याखाली गुडघ्यावर बसून ट्रॉलीच्या बिजागऱ्या आणि फ्रिजच्या दाराचं रबर बघत होता. मग बाबांना म्हणाला, "काका, सैपाकघरात फवारायची गरजच नाय. जेल लावतो. आणि हॉलमधे काय मारायचंच नाय, हितं झुरळ हायच कुठं?"

माझ्या मते टाकीवाल्या घरांसाठी ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे. झुरळांसाठी जेल मिळतं, फिप्रोनिल किंवा इमिडाक्लोप्रिडचं, इंजेक्शनसारख्या नळीतून ठिपके देतात, हवेत काही उडत नाही. तो जे ठिपके देत होता ते मोहरीपेक्षा मोठे आणि मसुरीपेक्षा लहान, बिजागरीच्या आतल्या अंगाला, सिंकच्या खाली पाइप भिंतीत जातो तिथे, सिलेंडरच्या कपाटात वरच्या कोपऱ्यात. झुरळ ते खातं, बिळात जाऊन मरतं, त्याला आणि त्याच्या विष्ठेला बाकीची तोंड लावतात आणि ती पण जातात. त्यामुळे पहिले दोन-तीन दिवस उलट जास्त दिसतात, भर दुपारी उताणी पडलेली, तेव्हा घाबरून वरून स्प्रे मारायचा नाही आणि ठिपक्यांवरून फिनेलचं फडकं फिरवायचं नाही, नाहीतर झुरळ त्या जेलकडे फिरकतच नाही. आईला हे पटवायला वेळ लागला कारण तिला रोज ओटा फिनेलने पुसल्याशिवाय चैन पडत नाही. दहाव्या दिवसापासून आमच्याकडे एकही दिसलेलं नाही.

पातळ फवारणी फक्त बाथरूमच्या जाळीत, बाहेरच्या चेंबरमधे आणि मागच्या मोरीत केली. तरीही वाळवीचं काम बाकी होतं आणि ते हॉलच्या भिंतीला लागूनच, म्हणून टाकीची तयारी करावीच लागली.

टाकी हलवायचा विचार सोडून द्या. दीडशे लिटर पाणी म्हणजे दीडशे किलो, वर काच आणि दगड, सांधा उकलला तर सगळंच गेलं. आम्ही आदल्या दिवशी पाव पाणी बदललं, सायफनने खालची घाण काढली आणि त्या रात्रीपासून खायला बंद. दोन दिवस खाल्लं नाही तर माशांना काही होत नाही, उलट घाण कमी होते, बंद टाकीत अमोनिया, म्हणजे त्या घाणीतून सुटणारं विष, वाढत नाही. जाळी, बादली, पाइप, खाण्याचे डबे हे सगळं पिशवीत बांधून गच्चीवरच्या खोलीत टाकलं, कारण नंतर तीच जाळी पाण्यात घातली की गेलंच.

पंप बंद नाही केला. तो मागच्या पडवीत नेला, जिथे काहीच मारायचं नव्हतं आणि वारा बाहेरून येतो, आणि सिलिकॉनची आठ मीटर नळी आणून खिडकीतून टाकीपर्यंत आणली. खिडकीच्या फटीत ओलं फडकं कोंबलं. मग टाकीच्या कडा कोरड्या पुसल्या, श्रावणात काचेला इतका दमटपणा असतो की टेप चिकटतच नाही, हेअर ड्रायरने कडा वाळवल्या तेव्हा कुठे धरला. आधी किचनमधली क्लिंग फिल्म दोन थर, वरून जाड प्लास्टिक, चारी बाजूंनी टेप, एका कोपऱ्यात दोन बोटं फट ठेवून त्यावर ओल्या फडक्याची घडी. बाहेरची चांगली हवा नळीतून आत ढकलली जाते आणि त्या फटीतून बाहेर पडते, म्हणजे खोलीतल्या हवेला आत शिरायला फारसा वावच राहत नाही. ही युक्ती त्या मुलानेच सांगितली, चिपळूणला एका घरी अशी केली होती म्हणाला. कॅनिस्टर फिल्टर चालू ठेवला, तो बंद डबा असतो, हवा ओढत नाही, फक्त त्याचं पाणी वरून पडत होतं ती नळी पाण्याखाली बुडवली. तो बंद करून ठेवणं चांगलं नाही, आतले जे उपयोगी जिवाणू असतात ते ऑक्सिजन मिळाला नाही की काही तासांत मरायला लागतात आणि मग मासे औषधाने नाही तर अमोनियाने जातात. ज्यांच्याकडे वर टांगायचा फिल्टर आहे, ज्याचं पाणी धबधब्यासारखं पडतं, त्यांनी तो फवारणीच्या वेळेपुरता बंद ठेवलेला बरा. लाइट बंद ठेवला, प्लास्टिकखाली उगाच गरम नको.

पावसाने उघडीप दिली त्या दिवशीच यायचं असं ठरवलं होतं, कारण खिडक्या उघड्या ठेवता आल्या नाहीत तर दमट हवेत औषध लवकर सुकत नाही. सकाळी दहाची वेळ दिलेली आणि साहेब आले साडेबाराला, गाडी पंक्चर झाली म्हणून. हे मला आवडलं नाही, कारण टाकी आम्ही नऊलाच बांधून ठेवली होती, माशांचे साडेतीन तास फुकट गेले. निदान फोन करायला हवा होता, तसं त्याला सांगितलंही.

वाळवीसाठी भिंत आणि जमीन मिळते तिथे फूट-फूट अंतरावर 12 मिलिमीटरचं भोक पाडून औषध सोडतात, मग भोक बुजवतात. याचं भारतीय मानक आहे, आयएस 6313, त्याचा तिसरा भाग बांधून झालेल्या घरांसाठी. आमच्याकडे इमिडाक्लोप्रिड वापरलं, सीलबंद बाटली आमच्यासमोर फोडली आणि लेबल वाचून दाखवलं. माशांना हे त्या थ्रिनवाल्यांपेक्षा बरंच कमी बाधतं पण झिंग्यांना आणि पाण्यातल्या किड्यांना खूप बाधतं, आणि आता टाकीत परत वीस-पंचवीस चेरी आहेत, म्हणून टाकीमागच्या भिंतीला त्याने ड्रिल लावण्याआधी स्टँडभोवती अजून एक ताडपत्री उभी धरायला लावली. ड्रिलच्या आवाजाने मासे एका कोपऱ्यात गोळा झाले होते, बाबा काचेजवळ स्टूल टाकून पूर्ण वेळ बसून होते.

मधेच लाइट गेली. शिरगावात पावसाळ्यात लाइट जाणं नवीन नाही म्हणून बॅटरीवरचा पंप पडवीत तयार ठेवला होता, नळी त्याला जोडली. आणि नळीत छोटा नॉन रिटर्न व्हॉल्व्ह होता तो कामाला आला, नाहीतर पंप टाकीपेक्षा खाली असला की लाइट गेल्या गेल्या पाणी नळीतून उलटं वाहत पंपात येतं आणि टाकी अर्धी पडवीत. स्वस्तातली वस्तू आहे, ॲक्वेरियमच्या कुठल्याही दुकानात मिळते, आजच आणून लावा.

या मुलाबद्दल माझा आदर वाढला तो विहिरीच्या बाजूला. घराच्या उत्तरेला बारा फुटांवर आमची विहीर, जांभ्यात खोदलेली, ऑगस्टात हाताला पाणी लागतं. तिकडच्या भिंतीला बाहेरून औषध घालायचे पैसे आम्ही द्यायला तयार होतो. तो नको म्हणाला. "जांभ्यातून पाणी झिरपतं ताई. हितं मी नाय मारत." त्या बाजूला फक्त चौकटीच्या लाकडात आतून इंजेक्शनने सोडलं आणि भिंतीला लावलेली सरपणाची रास हलवायला सांगितली. काम झाल्यावर फवारणीचा पंप आणि बादली विहिरीवर धुतली नाही, मागच्या व्हाळावर पण नाही, सगळं बांधून परत घेऊन गेला. आमच्या विहिरीत हिवतापवाल्यांनी सोडलेले गप्पी मासे आहेत, डासांच्या अळ्या खातात, दुसऱ्या दिवशी मी वाकून बघितलं तर नेहमीसारखे वर फिरत होते.

चार-पाच तास खिडक्या आणि पंखे चालू ठेवले. टाकी उघडताना घाई करू नका. आधी प्लास्टिक आणि बाहेरची काच ओल्या फडक्याने पुसून ते फडकं टाकून दिलं, मग साबणाने हात धुतले, मग प्लास्टिकची वरची बाजू आत येईल अशी घडी घालत काढलं, म्हणजे वरचा थेंब पाण्यात पडत नाही. फिल्टरमधे ॲक्टिव्हेटेड कार्बनची, म्हणजे पाण्यातलं औषध शोषून घेणाऱ्या कोळशाची, पिशवी टाकली, दोन दिवस ठेवली, तिसऱ्या दिवशी परत पाव पाणी बदललं. पाणी विहिरीचं वापरतो, नळाचं असेल तर क्लोरीन घालवायचं औषध घालायला विसरू नका. आणि देव न करो पण मासे गोल फिरायला लागले तर वाट बघू नका, लगेच निम्मं पाणी बदला, ताजा कार्बन टाका, आणि दुसरं स्वच्छ पाणी असेल तर मासे त्यात हलवा.

हे सगळं फवारणीचं झालं. गॅसची धुरी, म्हणजे गोदामात धान्याला ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ठेवतात तसलं, ते राहत्या घरात कोणी करतो म्हणाला तर दारातूनच परत पाठवा. त्या गोळ्यांना हवेतला ओलावा लागला की फॉस्फिन गॅस सुटतो, आणि आपल्याकडे ओलाव्याला काय तोटा. त्याला प्लास्टिक आणि टेप पुरत नाही, तिथे माशांचाच नाही माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे. नगरपालिकेचं किंवा ग्रामपंचायतीचं डासांचं फॉगिंग आलं की मी आता आवाज ऐकूनच खिडक्या लावते आणि एअर पंपाचा पिन काढते, धूर गेला की परत. डासांची मॅट आणि लिक्विडवालं मशीन पण हॉलमधून काढलंय, त्यात पण त्याच घराण्यातली औषधं असतात आणि आमचं तर अगदी पंपाच्या शेजारच्याच सॉकेटला लागलेलं असायचं.

बाकी तक्रारी म्हणजे भोकं पांढऱ्या सिमेंटने बुजवली, आमचा लाल कोबा आहे, रांगेने पांढरे ठिपके दिसतात, रंग मिसळून करता आलं असतं. ड्रिलची धूळ आम्हालाच पुसावी लागली. झुरळांचे 1,800 घेतले, वाळवीचे भोकांच्या मापाने वेगळे, बिल दिलं, त्यावर औषधाचं नाव आणि लायसन्स नंबर आहे, तो मागून घ्या.

काल तो झुरळांची दुसरी फेरी मारायला आला होता. ओट्याकडे जायच्या आधी टाकीपाशी गेला आणि बाबांना विचारलं, "काका, किती हायत?" बाबा रोज चहा घेताना मोजतातच. 22 निऑन, 4 एंजल, 6 कोरी, आणि तो जुना सकर. वाळवीचं नक्की कळायला पावसाळा संपायला हवा, नोव्हेंबरात तो चौकट परत ठोकून बघणार आहे, तेव्हा काय निघतं ते लिहीन.